रोजच्यापुरतं बळ

(स्मृतिव्याख्यानमालेत ठाण्यात दिलेलं व्याख्यान)

अध्यक्ष महाराज आणि समोर जमलेली मंडळी,

‘मंडळी’ हा शब्द मी जरा जपून वापरतो. आमच्या ख्रिस्ती घरांत मंडळी म्हणजे देवळात उपासनेला जमणारा समुदाय. आज समोर बसलेल्यांतले काही त्या अर्थानं मंडळी आहेत आणि बाकीचे ठाण्याचे नेहमीचे व्याख्यानवेडे श्रोते. एकाच शब्दात दोघांचीही सोय झाली.

विषय कळला तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, ‘संकटात देवाचं बळ’ यावर बोलायला एखादे पाळक बोलवा. मी डोंबिवलीहून गाडी पकडून चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. ते म्हणाले, पाळक दर रविवारी बोलतातच. तेव्हा आज तुम्हाला प्रवचन मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. थोडा इतिहास मिळेल, तोही बराचसा आपल्याच परिसरातला. आणि एका डब्याची गोष्ट मिळेल.

डब्यापासूनच सुरुवात करतो, कारण ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो, त्यांचा आणि माझा परिचय त्या डब्यानं झाला. फलकावर त्यांचं पूर्ण नाव आहे. पण आम्ही कुणी त्यांना नावानं हाक मारली नाही. त्या ‘सिस्टर’. तीसेक वर्षांपूर्वी माझी पत्नी अकरा दिवस अतिदक्षता विभागात होती. बाहेरच्या बाकड्यावर मी आणि एक बाई, असे आम्ही दोघं कायमचे बसलेले. त्यांचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा आत. त्या बाई रात्रभर प्रार्थना करायच्या, गुडघे टेकून, थंड फरशीवर. मला प्रार्थनाच येईना. शब्द सुरू झाले की मध्येच फाटायचे. चौथ्या रात्री सिस्टर ड्यूटी संपवून बाहेर आल्या, माझ्या मांडीवर एक डबा ठेवला. मऊ भात, वर मेतकूट, बाजूला लिंबाची फोड. मी म्हटलं, सिस्टर, माझं देवाशी भांडण चाललंय, मला नको. त्या म्हणाल्या, “आधी जेवून घे. भांडायलाही अंगात बळ लागतं.”

माझी पत्नी वाचली. त्या बाईंचा मुलगा वाचला नाही.

आमच्या मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं माझ्यासाठी काय केलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं. मला कितीतरी वेळा आग्रह झाला. मी कधी उभा राहिलो नाही. उभं राहून काय सांगू? मी प्रार्थना केली आणि माझी बायको वाचली? मग त्या बाईंनी काय केलं होतं? माझ्यापेक्षा चांगली प्रार्थना केली होती त्यांनी. माझी तर धड होतही नव्हती. तेव्हा ‘देव बळ देतो’ याचा अर्थ ‘देव काम करून देतो’ असा लावला, तर त्या बाकड्यावर तो टिकत नाही. आणि बाकड्यावर टिकत नाही तो अर्थ व्यासपीठावरून सांगू नये.

मग दुसरा कुठला अर्थ आहे का? पवित्र शास्त्रात शोधायला गेलं तर गंमत दिसते. एलीया हा केवढा दांडगा संदेष्टा. राजाला तोंडावर सुनावणारा. पण राणीच्या धमकीनं तो असा खचला, की रानात एका झुडपाखाली जाऊन पडला आणि मरण मागू लागला. आता देवानं काय करावं? उपदेश करावा? ‘तुझा विश्वास कमी पडला’ म्हणावं? आमच्यातले काही भाविक तेच म्हणतील. तिथं देवदूत येतो आणि त्याला उठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर देतो, उशाशी पाण्याचं भांडं. तो खातो, परत झोपतो. दूत परत उठवतो, परत जेवायला घालतो. राणी जागच्या जागी आहे, धोका तसाच आहे. बदललं एवढंच, की हा माणूस चालू शकतो. सिस्टरांनी ही गोष्ट मला त्या रात्री सांगितली नाही. ती मी नंतर वाचली आणि मेतकूट आठवलं.

तीच गोष्ट मान्न्याची. इस्राएल लोक अरण्यात होते तेव्हा रोज सकाळी जमिनीवर अन्न पडायचं. रोज वेचायचं, त्या दिवसापुरतं. ज्यांनी उद्यासाठी राखून ठेवलं, त्यांच्या साठ्यात किडे पडले. (शब्बाथाच्या आदल्या दिवशी मात्र दुप्पट मिळायचं आणि ते टिकायचंही. आठवडी सुट्टीची सोय इतकी जुनी आहे, नोकरदारांनी लक्षात घ्यावं.) आपल्याला बळ हवं असतं ते मुदत ठेवीसारखं, एकदाच ठेवलं की निर्धास्त. मिळतं ते नाक्यावर सकाळी सातला उभ्या राहणाऱ्या मजुरासारखं. आजची रोजी आज. उद्या परत नाक्यावर. मला आज जे म्हणायचं आहे ते एवढंच. बाकी सगळी उदाहरणं.

पहिलं उदाहरण इथलंच, याच ठाण्यातलं, सातशे वर्षांपूर्वीचं. आज आपण ठाणं म्हटलं की १८५३ साली बोरीबंदराहून आलेली पहिली आगगाडी सांगतो. मासुंदा तलावाच्या काठचं जुनं चर्च दाखवतो, फार तर पोर्तुगीजांपर्यंत जातो. पण पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, १३२१ च्या एप्रिलमध्ये, या गावात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रिउस. ते निघाले होते दुसरीकडे. समुद्रानं त्यांना इथं आणून सोडलं. इथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांना घरात ठेवून घेतलं. म्हणजे तेव्हाही इथं ख्रिस्ती घरं होती. याहून मागं, सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशानं ‘कल्लिआना’ इथल्या ख्रिस्ती लोकांची आणि त्यांच्या बिशपची नोंद केली आहे, आणि ते कल्लिआना म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. कल्याणकरांनी एवढ्यानं कॉलर ताठ करायला हरकत नाही.

धर्मावरून अधिकाऱ्यांशी वाद झाला आणि चौघांचा जीव गेला. चर्चच्या इतिहासात ते हुतात्मे. त्यांच्याबद्दल आदर आहेच. पण माझं मन अडकतं ते पाचव्या माणसात. त्यांच्याबरोबर एक पाचवा होता. जोर्दान, फ्रान्समधल्या सेवेराकचा, डोमिनिकन संघातला. हत्येच्या दिवशी तो ठाण्यात नव्हता, भडोचच्या दिशेनं गेला होता. परत आला तेव्हा सोबत्यांचे देह उरले होते. ते त्यानं सोपाऱ्याला नेऊन पुरले.

आता विचार करा. त्या चौघांना धैर्य किती दिवस लागलं? फार तर दोन-चार. जोर्दानला ते दुसऱ्या दिवशी सकाळी लागलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी लागलं आणि नंतर वर्षानुवर्षं लागत राहिलं. तो पळून गेला नाही. या किनाऱ्यावर एकटा राबत राहिला. त्यानं संघातल्या आपल्या बंधूंना पाठवलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत तो आपली गाऱ्हाणी झाकत नाही. उपासमार, आजारपण, कैद, शिव्याशाप, सगळं सांगतो आणि माणसं पाठवा म्हणतो. ‘देव माझ्यासोबत आहे, मला कुणाची गरज नाही’ असं नाही हं. देवावर विसंबणाऱ्या माणसानं माणसं मागितली आहेत. आणि याच माणसानं पुढं हिंदुस्थानातल्या नवलांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फणस आहे, आंबा आहे, वटवाघळंही आहेत. ज्यानं आपल्या हातांनी चार सोबती पुरले, त्याला फणसाचं कौतुक करावंसं वाटलं, हे मला चमत्काराहून मोठं वाटतं. १३२९ साली पोपनं त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

हुतात्म्यांचे दिवस पाळले जातात. मागं राहिलेल्यांचे कोण पाळतं? बाकड्यावरच्या त्या बाई घरी गेल्या असतील, दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल पेटवली असेल. मुलाची दप्तराची पिशवी खुंटीवर असेल. त्या दिवसाला काय नाव द्यायचं?

दुसरं उदाहरण कल्याणचं. १८६९ ते १८७३ या काळात कल्याणच्या शाळेत एक मुलगा शिकत होता. नारायण वामन टिळक. पुढं १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते ख्रिस्ती झाले आणि मराठी ख्रिस्ती माणसाला त्यांनी अभंग दिला. आजही आमच्या उपासनेत टाळ वाजतो तो त्यांच्यामुळं. पण टिळकांवर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे लक्ष्मीबाईंवर.

नवऱ्यानं धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या होत्या. पदरात लहान मुलगा. नवरा जिवंत असून घर तुटलं. पुढची चार-पाच वर्षं माहेर, बहीण, पंढरपूर अशी गेली. त्या काळात त्यांना कुणी म्हणालं असेल, देवावर भरवसा ठेव. पण कुठल्या देवावर? भांडण तर त्यावरूनच होतं. त्या नवऱ्याकडे परत गेल्या, तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. सोवळंओवळं, जातीचं पाणी, एकेक गाठ त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं सोडवली, आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. विश्वास म्हणजे डोळे मिटून उडी, असं आपण म्हणतो. या बाईंनी डोळे उघडे ठेवून, एक-एक पायरी चाचपत जिना चढला, आणि प्रत्येक पायरीवर नवऱ्याशी वाद घातला.

आणि नवरा तरी कसा? हातात पैसा आला की वाटून मोकळा. दाराशी आलेला कुणीही घरचा. बालकवींसारखा कवी त्यांच्या घरात मुलासारखा राहिला. ‘देव देईल’ हे टिळकांचं तत्त्वज्ञान, आणि डब्यात पीठ आहे की नाही हे बघणं लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. ‘स्मृतिचित्रे’ हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं, की ‘देव देईल’ म्हणणाऱ्याच्या घरात देवाचं देणं बहुतेक वेळा बायकोच्या हातून येत होतं. स्त्रियांना हसू आलेलं दिसतंय. तुम्हाला मी काय नवीन सांगतोय?

९ मे १९१९ ला टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर अडलं होतं. शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढं साठाहून अधिक अध्याय लिहून ते पुरं केलं. एका रात्रीत नव्हे. आधी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात काम, मग मुलाच्या संसाराबरोबर कराची, आणि हे सगळं सांभाळून ओवीमागून ओवी.

तिसरं नाव पंडिता रमाबाई. इथं मी जरा रेंगाळणार आहे, घड्याळ दाखवू नका.

दुष्काळात, १८७४ च्या सुमाराला, काही महिन्यांच्या अंतरानं रमाबाईंचे वडील, आई आणि मोठी बहीण गेली. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं हे कुटुंब पुराणं सांगत, तीर्थं करत देशभर पायी फिरत असे. जे होतं ते देवकार्यात आणि दानधर्मात घातलं, आणि शेवटी घरात अन्न नव्हतं. सोळा वर्षांची मुलगी हे सगळं पाहते. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न, आणि १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. कडेवर लेक मनोरमा. या बाईनं देवाचं नाव टाकून दिलं असतं, तर कुणी बोट दाखवलं असतं का?

१८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी मतभेद सुरू. हे मान, ते मान, म्हटल्यावर रमाबाई विचारणार, का मानू? नव्या धर्मात आले म्हणून माझी सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्याच्या हवाली करणार नाही, असा त्यांचा बाणा. हे मुद्दाम सांगतो. देवावर विसंबणं आणि माणसापुढं मान तुकवणं या दोन गोष्टींची फार सोयीस्कर गल्लत केली जाते. नवरा मारतो? सोस, देव बळ देईल. सासर छळतं? प्रार्थना कर. असं सांगणारे आमच्यातही आहेत, तुमच्यातही आहेत. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं ते विधवांना ‘सोसा’ म्हणायला नव्हे. तिथं त्यांना अक्षरं मिळाली, हाताला काम मिळालं. देवाचं बळ ज्या बाईला खरोखर मिळतं, ती कधीकधी उठून निघून जाते.

आणि औषध सोडून नुसत्या तेलावर, नुसत्या हात ठेवण्यावर विसंबा म्हणणारे? सिस्टर त्यांच्यावर फार चिडायच्या. त्यांचं म्हणणं होतं, इन्सुलिन हीसुद्धा भाकरच आहे.

रमाबाईंकडे परत येतो. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे, की ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडायला पुढं सात-आठ वर्षं गेली. ही प्रामाणिक नोंद मला फार धीर देते. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन त्या उपाशी मुली, बायका शेकड्यांनी घेऊन आल्या. कशामुळं? स्वतः त्याच वयात त्याच भुकेतून गेल्या होत्या म्हणून. पुण्यात प्लेगची बंधनं, म्हणून मुलींना केडगावच्या माळावर हलवलं. त्या वस्तीचं नाव ‘मुक्ती’. इथून पुण्यामार्गे दौंडकडे जाणारी गाडी या केडगावावरून जाते, पुढच्या वेळी खिडकीतून बघा. १९०० पर्यंत तिथं दोनेक हजार माणसं झाली. रोज दोन हजार पानं वाढायची! हिशेब करा. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांच्या अनाथालयाचं उदाहरण रमाबाईंपुढं होतं. गरज देवापुढं मांडायची आणि कामाला लागायचं. पण ‘कामाला लागायचं’ हे अर्धं वाक्य आपण विसरतो. विहिरी खणल्या. बागा लावल्या. तेलघाणा, हातमाग, गाईगुरं, छापखाना. प्रार्थना आणि घाणा एकाच आवारात.

त्या छापखान्यात रमाबाईंचं शेवटचं मोठं काम चाललं. पवित्र शास्त्राचं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर. साध्या खेडवळ बाईला वाचता येईल असं. त्यासाठी त्या उतारवयात या भाषा शिकल्या. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवायच्या, मुद्रितं काढायच्या. कालपरवापर्यंत ज्यांना विहीर जवळ करायची वेळ आली होती, त्यांच्या बोटांना शाई लागलेली. आणि काम संपत आलं असताना, १९२१ मध्ये, मनोरमा गेली. एकुलती एक. मुक्ती जिच्या हाती सोपवायची ती. आईबाप, भावंडं, नवरा आणि आता लेक. अशा बाईला कुणी ‘देवानं तुम्हाला काय दिलं?’ विचारलं तर? त्या पुढच्या एप्रिलमध्ये, १९२२ साली, स्वतः गेल्या. ग्रंथ छापून पूर्ण झाला १९२४ मध्ये.

याच प्रश्नापाशी प्रेषित पौलही येतो. त्याच्या देहात एक काटा होता. कसला ते तो सांगत नाही. टीकाकारांनी डोळ्यांपासून फेफऱ्यापर्यंत सगळं सुचवून पाहिलं आहे. त्यानं देवाला तीनदा विनवलं, हा काढ. तीनदा म्हणजे तोंडदेखलं नव्हे. काटा निघाला नाही, एक उत्तर तेवढं मिळालं. मी त्या उत्तराचा माझ्यापुरता अर्थ लावतो तो असा, की काटा राहील आणि मीही राहीन. समाधानकारक उत्तर आहे का हे? मला विचाराल तर नाही. पण खरं आहे. स्वतः ख्रिस्तानं गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली होती आणि तो टळला नव्हता, त्यामुळं आमच्या धर्मात न टळलेल्या गोष्टींचं वावडं नाही.

एक घरगुती उपमा देतो आणि आवरतं घेतो. डोंबिवलीला सकाळच्या फास्टमध्ये चढलेला माणूस स्वतःच्या पायावर उभा नसतो. वरची कडी हाताला लागत नाही, खाली टाच टेकत नाही. त्याला गर्दी उभं धरते. पुढं ठाणं येतं, मुलुंड येतं, आणि तो पडलेला नसतो. देव कसा धरतो हे मला विचारलंत तर मी हेच सांगेन. त्यात सुख काडीचं नाही, घाम आहे, कुणाचं तरी कोपर बरगडीत आहे. फक्त एक अडचण आहे. त्या गर्दीतला एक आपणही असतो. आपल्यामुळंही कुणीतरी उभं असतं, आणि आपल्याला ते माहीत नसतं.

सिस्टर शेवटचे दोन महिने कल्याणला भाचीकडे होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी प्रार्थना केलेल्या त्या बाईंना प्रार्थना येईनाशी झाली. मला म्हणाल्या, “शब्द लागत नाहीत रे. तू म्हण.” मी चौतीस वर्षं लोकलमध्ये पुटपुटलेली, मध्येच फाटणारी प्रार्थना, तशीच म्हटली. त्यांनी डोळे मिटले नाहीत, खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी पिशवीतून डबा काढला. पत्नीनं मऊ भात करून दिला होता. लिंबाची फोडही होती. दोन चमचे खाल्ले, थांबल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांच्या त्या जुन्या, वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, “मेतकूट कुठाय?”